‘स्कॅन नॉर्मल आहे, म्हणजे हे नाटक’ : या सल्ल्यात काय चुकतं

‘डोक्याला मार लागला, पण स्कॅन नॉर्मल आला. सगळं कळतं त्याला, डॉक्टरांसमोर नीट वागतो. आताची चिडचिड हे नाटक आहे. कडक वागा, सुधारेल.’ हा सल्ला सर्रास पुढे पाठवला जातो. त्यातलं एकेक विधान पाहू.

‘स्कॅन नॉर्मल आला.’ अपघातानंतरचा सीटी स्कॅन मुख्यतः रक्तस्राव आणि कवटीचं फ्रॅक्चर शोधतो. डोकं जोरात हिसडलं की मेंदूतले लांब तंतू ताणले जातात, काही तुटतात. ती इजा सीटीत बहुधा दिसत नाही, एमआरआयमध्येही कधी कधी निसटते.

‘सगळं कळतं त्याला.’ सर्वांत जास्त नुकसान या वाक्याने होतं. नियम माहीत असणं वेगळं आणि ऐन वेळी स्वतःला आवरणं वेगळं. डोळ्यांच्या खोबणीच्या वरचा, मेंदूच्या पुढच्या भागाचा तळ दुखावला की तोंडाला येईल ते बोलणं, बेफिकीर खर्च, क्षणात संताप सुरू होतो. दोन्ही अर्धगोल जिथे समोरासमोर येतात त्या आतल्या बाजूला इजा असेल तर उलटंच: माणूस तासन्‌तास बसून राहतो, सांगितलं तर आंघोळ करतो, आपणहून उठत नाही. त्याला आळशी म्हणणं अन्याय आहे. बुद्धिमत्ता चाचणीत दोघांनाही चांगले गुण मिळू शकतात, कारण तिथे सुरुवात दुसरा करून देतो.

‘डॉक्टरांसमोर नीट वागतो.’ शांत खोली, एकच माणूस, थोडा वेळ. घरी टीव्ही, दोघांचं एकदम बोलणं आणि दिवसभराचा थकवा असतो. शिवाय आपण बदललोय याची जाणीव नसणं हाही इजेचाच भाग असू शकतो. म्हणून घरच्यांनी लेखी नोंद न्यावी: भडका केव्हा उडाला, आधी काय घडलं, किती वेळ टिकला, झोप आणि औषध कधी झालं.

‘कडक वागा.’ भडकलेल्या माणसाशी वाद घातला तर भडका वाढतो. आवाज कमी करा, एका वेळी एकच सूचना द्या, थकण्याआधी विश्रांती द्या. ठरलेला दिनक्रम फार उपयोगी पडतो. 1848 साली लोखंडी कांब डोक्यातून आरपार गेलेल्या फिनिअस गेजने पुढे चिलीत काही वर्षं घोडागाडी हाकली; रोजच्या ठरलेल्या कामाने त्याला सावरायला मदत केली असावी. औषधांकडेही पाहा: फिटसाठी दिलेलं लेव्हेटिरासेटम काहींना चिडखोर करतं. ते स्वतःहून बंद करू नका, फिट येऊ शकते. डॉक्टर पर्याय देतील.

मार लागल्यानंतर काही आठवड्यांनी गुंगी, वाढती डोकेदुखी, चालताना झोक जाणं दिसलं तर जुन्या रिपोर्टवर विसंबू नका. कवटीखाली हळूहळू साचलेलं रक्त पहिल्या स्कॅनमध्ये दिसलेलं नसू शकतं. त्याच दिवशी पुन्हा स्कॅन करून घ्या.