लांब फेका, जोरात पळा, झालं?

अल्टिमेट फ्रिस्बी, म्हणजे सात-सात जणांच्या दोन संघांनी डिस्क (तबकडी) एकमेकांना पास करत खेळायचा खेळ. त्याबद्दल एक मत सारखं पुढे पाठवलं जातं: 'यात डावपेच कसले? एक लांब फेकणारा, एक वेगात पळणारा, बाकीचे पाच संख्येपुरते. बचावात आपापला माणूस धरायचा. झोन (माणसाऐवजी जागा राखणं) म्हणजे दमलेल्यांचा आळस, आणि मागे पास म्हणजे हाताने जागा घालवणं.'

आधी त्या पाच जणांचं बघू. मैदान 37 मीटर रुंद. पाच जण वाटेल तिथे उभे राहिले, तर त्यांचे पाच बचावपटूही तिथेच असतात, म्हणजे पळणाऱ्याच्या वाटेत. व्हर्टिकल स्टॅक या रचनेत कटर, म्हणजे पास घ्यायला पळणारे, मधोमध उभी रांग लावतात ते दोन्ही बाजू मोकळ्या राहाव्यात म्हणून. हॉरिझॉन्टल स्टॅकमध्ये तीन हँडलर, म्हणजे डिस्क खेळवणारे, मागे आणि चार कटर आडवे पसरतात, त्यामुळे त्यांच्या पुढे-मागे जागा मिळते. कट करूनही, म्हणजे पास घ्यायला अचानक पळूनही, डिस्क मिळाली नाही, तर लगेच बाजूला व्हायचं. नवखे संघ बहुतेक इथेच अडकतात, आणि दोष देतात थ्रोला.

'आपापला माणूस धरा' हे अर्धंच खरं. मार्कर म्हणजे फेकणाऱ्यासमोर उभा राहणारा बचावपटू. त्याला फेकणाऱ्याच्या दोन्ही बाजू अडवता येत नाहीत. म्हणून तो ठरवून एक बाजू बंद करतो, यालाच फोर्स म्हणतात. उरलेले सहा जण त्या भरवशावर उघड्या बाजूला झुकून उभे राहतात. मार्करच्या बंद बाजूने एक पास निसटला की सहाही जण चुकीच्या बाजूला सापडतात. मग कोणाचा माणूस सुटला हे विचारण्यात अर्थ नसतो.

झोनला आळस म्हणणाऱ्याने एकदा कपमध्ये, म्हणजे फेकणाऱ्याला घेरणाऱ्या तिघांत, पळून बघावं! डिस्क या टोकाकडून त्या टोकाला गेली की तिघांनाही धावत जावं लागतं. वर नियम असा की दुसऱ्या कोणाला राखत नसेल, तर मार्करखेरीज कुणीही फेकणाऱ्याच्या 3 मीटरच्या आत यायचं नाही. झोनचा हेतू समोरच्याला जास्त पास करायला लावण्याचा असतो, कारण वाऱ्यात प्रत्येक पास धोक्याचा. वारा नसेल आणि हँडलर पक्के असतील, तर झोन महागात पडतो, हे मान्य.

मागच्या पासबद्दल थोडक्यात. मार्कर दहापर्यंत मोजतो. 'दहा' उच्चारेपर्यंत डिस्क हातातच राहिली तर ताबा गेला. सहा-सात ऐकून डंप, म्हणजे मागे पास, दिला तर पाचेक मीटर जातात, पण मोजणी नव्याने सुरू होते आणि तिथून स्विंग करून, म्हणजे डिस्क आडवी दुसऱ्या बाजूला नेऊन, बंद बाजू उघडता येते.

गंमत म्हणजे लांब फेकण्याचा सल्ला एका ठिकाणी खरोखर चालतो. समोरून जोराचा वारा असताना काही संघ मुद्दाम डिस्क खोल फेकून देतात. ती झेलली गेली तर उत्तमच. नाही तर प्रतिस्पर्ध्याला स्वतःच्या गोलजवळून सुरुवात करावी लागते, आणि फेकणारा संघ तिथे पोहोचतो तोच झोन लावून.