जावईबापू रुसले, तेही स्कॉटलंडात

पावसाआधी घराची शाकारणी उरकायची म्हणून गेल्या आठवड्यात कोकणात निघाले. चिपळूणच्या अलीकडे गाडी थांबली ती साडेतीन तास हलली नाही. फोन मेलेला, समोरच्या काकांचं भडंग संपलेलं, आणि पिशवीत भाचीने "आत्या, वाचच गं" म्हणून कोंबलेली चारशे बारा पानांची कादंबरी. स्कॉटलंडचा नाखूश ड्यूक (म्हणजे सगळ्यात वरच्या पायरीचा सरदार), अमेरिकेतली गडगंज मुलगी, साल १८८९. वाचली. सगळी वाचली. आता एवढं ज्ञान साठलंय तर ते वाटावं म्हटलं. तुम्हीही एखादी लिहायला घेतली असेलच, हल्ली सगळेच लिहितात.

नायक ड्यूकच घ्या. अर्ल, बॅरन असल्या किरकोळ माणसांवर कोणी जीव टाकत नाही. अख्ख्या स्कॉटलंडातले ड्यूक मोजायला दोन हातांची बोटं पुरायची, पण तुमच्या नायकाला पाच मित्र असतील तर पाचही ड्यूक करून टाका. सगळ्यांनी त्याला "माय लॉर्ड" म्हणावं. ड्यूकला "युअर ग्रेस" म्हणतात हे त्याच्या बटलरला ठाऊक असतं, पण बटलर कुठे कादंबऱ्या लिहायला बसलाय!

किल्ट, म्हणजे तिकडच्या डोंगरातल्या पुरुषांचा चौकड्यांचा घागरा, पहिल्या पानापासून हवा. जेवताना, घोड्यावर, तापात फणफणताना, कायम. वाडा इंग्लंडच्या हद्दीला खेटून सखल भागात असला तरी किल्टच, कारण स्कॉटलंड म्हणजे डोंगर आणि डोंगर म्हणजे किल्ट. त्यावरच्या चौकड्या "पाचशे वर्षांपासून घराण्यात चालत आलेल्या" असाव्यात. १७४६ मध्ये कलोडनच्या लढाईत डोंगराळ भागातले बंडखोर हरल्यावर सरकारने हा पोशाखच बंद केला आणि ती बंदी थेट १७८२ मध्ये उठली, हे सांगू नका. १८२२ मध्ये ब्रिटनचा राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला, त्याच्या स्वागताचा सगळा थाट कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने मांडला, आणि ज्याच्या त्याच्या घराण्याची वेगळी चौकडी ही हौस त्यानंतर फोफावली, हेही नको. पाचशे वर्षं म्हटलं की कसं भारदस्त वाटतं.

नायिकेची आई आगाऊ आणि मोठ्याने बोलणारी. झालं.

धाकट्या बहिणीला लंडनच्या कॅप्टनबरोबर रातोरात ग्रेटना ग्रीनला, म्हणजे हद्दीपलीकडच्या झटपट लग्नांच्या स्कॉटिश गावाला, पळवा. १८५६ च्या कायद्यानंतर लग्नासाठी दोघांपैकी एकाने तरी आधी एकवीस दिवस स्कॉटलंडात काढलेले असावे लागत, पण एकवीस दिवस कोण पळतंय?

प्रणय जुलैत, तळ्याकाठी, ओल्या गवतात, संध्याकाळी. तिथे मिज नावाची चिलटं असतात. ऐन उन्हाळ्यात संध्याकाळी ढगांनी येतात आणि उघडं अंग दिसेल तिथे तुटून पडतात. माझ्या पुस्तकात अकरा पानं दोघं तिथे लोळली, अंगावर एक गांधी नाही. मी तीच पानं उलटत असताना खिडकीतून आलेल्या डासांनी माझा डावा घोटा सुजवला होता. किल्ट घातलेल्या माणसाचं काय झालं असेल याचा मी बराच वेळ विचार केला. करायला दुसरं काही नव्हतंच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, नाखुशी. ती नसेल तर तुमची कादंबरी साठ पानांत आटोपेल. वाडा गळतोय, सावकार दारात, म्हणून त्याला अमेरिकन पैसा हवाय, पण अमेरिकन बायको नकोय. कर्ज का झालं? बापाने जुगारात उडवलं, असं ठोकून द्या. १८७० नंतर अमेरिकेतला स्वस्त गहू आगबोटींनी ब्रिटनमध्ये येऊन पडू लागला, धान्याचे भाव कोसळले, जमीनदारांचे खंड आटले, हे लिहाल तर पंचाईत होईल. कारण मग वाचक विचारेल की तोच गहू बंदरापर्यंत वाहून ज्यांची रेल्वे गब्बर झाली, त्यांच्याच मुली हे लोक शोधत होते का? हो, शोधत होते. रीतसर बैठक बसायची, वकील याद्या करायचे. १८९५ मध्ये अमेरिकेतल्या रेल्वेवाल्या घराण्यातल्या कॉन्सुएलो व्हँडरबिल्टचं लग्न मार्लबरोच्या ड्यूकशी लावलं. तो इंग्रज, पण मासला हाच. ती अठरा वर्षांची. जावयाच्या पदरात पंचवीस लाख डॉलरचे रेल्वेचे शेअर पडले, त्यावर चार टक्के लाभांशाची हमी वेगळी. पुढे १९२६ मध्ये लग्न रद्द ठरवून घेताना, मीच मुलीवर जबरदस्ती केली, असं खुद्द आईने सांगितलं. याला आपल्याकडे एक साधा दोन अक्षरी शब्द आहे. कादंबरीत त्याला "तडजोडीचा विवाह" म्हणतात.

माझा ड्यूक पान चाळीसवर सही करतो. एकसष्टवर रक्कम बँकेत. नव्वदपर्यंत छपरावर नवं शिसं बसतं आणि सावकार सलाम ठोकून जातो. त्यानंतर पान तीनशे ऐंशीपर्यंत हा माणूस तिच्याशी धड बोलत नाही. एकशे त्रेचाळीसवर ती चोवीस खुर्च्यांच्या टेबलाशी एकटी बसून राहते, आणि हा वरच्या खोलीत व्हिस्की घेऊन पावसाकडे बघतोय. का? तर "पैशाने विकत घेतला गेल्याची" जखम! अहो, विकत तिला घेतली की याला? दागिने तिचे गेले, देश तिचा सुटला, नाव तिचं पुसलं, थंडीने खोकला तिला झाला. आणि दुःखी कोण, तर हा. वर लेखिकाबाई सांगतात की त्याच्या मौनात केवढी वेदना होती. वेदना कसली डोंबलाची! याला रुसवा म्हणतात. हुंडा मोजून घेतल्यावर मांडवात रुसणारे जावई आपण पाहिलेत, घड्याळ दिलं की हसायचे. हा तर वाडा घेऊनही हसेना.

खरा स्कॉटिश ड्यूक हवा तर रॉक्सबर्गचा घ्या. १९०३ मध्ये न्यूयॉर्कच्या गडगंज मे गोलेटशी त्याचं लग्न झालं. केल्सोजवळच्या फ्लोर्स वाड्यात तिने रुखवतासारखे आणलेले विणीचे भिंतपडदे आजही टांगलेले आहेत. निदान भिंतींनी तरी तिची आठवण ठेवली.

आणि ऐका, आता गंमत पुरे. असल्या माणसाला नायक करणं थांबवा. माझी भाची एकोणीस वर्षांची आहे. तुसडेपणा म्हणजे खोल प्रेम, हे तिला तुम्ही चारशे पानं शिकवताय. आमच्या घराच्या शाकारणीचे पैसे मी आणि भावाने अर्धे अर्धे भरले. कोणाच्या लेकीचा बाप शोधला नाही, आणि पैसे भरले म्हणून घरात कोणी कोणाशी अबोला धरला नाही. छप्पर गळतं तेव्हा माणसं कौलं बदलतात. आणि तू रे, वर खिडकीत उभा असलेल्या? पैसे घेतलेस ना? छप्पर झालं ना? मग गुपचूप खाली ये आणि जेवायला बस. तिच्यासमोरचं सूप कधीच गार झालंय.