गोट्याची दुबई आणि बंड्याचा गॉगल

"आधी तो गॉगल काढ," शकीलभाई म्हणाले. "सूर्यसुद्धा घरी गेला."

बंड्याने गॉगल कपाळावर ढकलला, काढला नाहीच. बंड्या स्वतः कधी परदेशात गेलेला नाही, पण त्याच्या मोबाइलमध्ये दुबई बिऱ्हाड करून आहे. रोज नवीन व्हिडिओ. कुणीतरी उंच इमारतीच्या गच्चीवर उभा राहून सांगतो, "भावांनो, उठा, आयुष्य बदला." हे ऐकून बंड्या दुसऱ्यांची आयुष्यं बदलायला निघतो.

व्हिजिट व्हिसावर, म्हणजे नुसतं फिरायला जायच्या व्हिसावर, नोकरी शोधायला दुबईला गेलेली पोरं कशी फसली ते सगळ्यांनी वाचलंय, परत उगाळत नाही. कट्ट्यावर वाद पेटला तो त्यावरूनच, कारण आमच्या गोट्याचंही तिकीट निघायच्या बेतात होतं. गोट्याने आयटीआयमधून फ्रीज-एसीचा ट्रेड केलाय, वर्षभर इकडेतिकडे हाताखाली काम केलंय, आणि एक एजंट त्याला सांगतोय की दीड लाख दे, व्हिजिटवर चढवतो, तिथे उतरलास की नोकरी तयार.

"सिंपल आहे," बंड्या म्हणाला. "जायचं, महिनाभर फिरायचं, नोकरी उचलायची."

"नोकरी काय उकिरड्यावर पडलीय, उचलायला?" शकीलभाई म्हणाले.

इथे एक सांगून टाकतो. शकीलभाईंनी जवानी आखातात घालवली, हेल्परपासून फोरमनपर्यंत. त्यामुळे या विषयावर ते बोलायला लागले की मी मध्ये तोंड घालत नाही. आणि बंड्याच्या बाबतीत मी निःपक्ष नाही. पाण्याच्या फिल्टरच्या त्या साखळी योजनेत माझेही पैसे अडकलेत.

नानांनी त्यांचं नेहमीचं सुरू केलं. "माणसानं वाळवंटात जावंच कशाला म्हणतो मी! चोपन्न डिग्री असतं तिथं. अंडं फोडलं तर रस्त्यावर शिजतं."

"नाना, चोपन्न नाही, ५३.९. कुवेतमधलं मित्रिबाह, २१ जुलै २०१६. ते आडरानातलं हवामान मोजायचं ठाणं. गोट्याला तिथं कोण पाठवतंय?" शकीलभाई म्हणाले. "आणि आकड्याला घाबरू नका. रियाधला पंचेचाळीसमध्ये घाम दिसतसुद्धा नाही. आला की उडाला. अंगातलं पाणी कधी संपलं ते कळत नाही, एकदम चक्कर. दुबईचं उलटं. समुद्र बाजूला. चाळीस असलं तरी घाम उडतच नाही, नुसता निथळतो. आणि उडाला नाही तर अंग गार होणार कसं? कोरडी गरमी फसवते, दमट गरमी छळते."

"मग पाणी प्यायचं," बंड्या म्हणाला.

"वा! हे आम्हाला सुचलंच नव्हतं."

गोट्या पहिल्यांदाच बोलला. "पण भाई, सवय होते ना?"

"होते. एक-दोन आठवडे लागतात अंगाला. तेवढेच वाईट. उन्हात पडणाऱ्यांत नवीन माणसं फार असतात, अगदी पहिल्या काही दिवसांतली. अमेरिकेत तर नव्या माणसासाठी हिशेबच घालून दिलाय, पहिल्या दिवशी उन्हातलं काम पाचवा हिस्सा, मग रोज थोडं थोडं वाढवायचं. आपल्याकडे काय? विमानातून उतरला, दुसऱ्या दिवशी पहाटे बसमध्ये. आणि पोरगं लाजेपायी सांगत नाही की मळमळतंय. त्याला वाटतं, पहिल्याच आठवड्यात बसलो तर परत पाठवतील. उन्हाळ्यात जाऊ नकोस. ऑक्टोबर-नोव्हेंबरात उतर, मेपर्यंत अंग तयार होतं. पुढे सुट्टीवर महिनाभर घरी येऊन गेलास की परत नवा, हेही लक्षात ठेव."

मग त्यांनी गिझरची गंमत सांगितली, ती मला फार आवडते. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाक्या इतक्या तापतात की गार पाण्याच्या नळाला हात लावता येत नाही. म्हणून तिथली माणसं गिझर बंद ठेवतात. त्याच्यातलं पाणी खोलीच्या आत, एसीत, रात्रभर निवतं. मग आंघोळीला गरम पाण्याचा नळ सोडायचा, त्यातून गार पाणी येतं.

"म्हणजे सगळंच उलटं," नाना म्हणाले.

"सगळं नाही. पगार देणारा वर आणि घेणारा खाली, हे तिथेही सुलटंच आहे."

बंड्या मोबाइलमध्ये बोटं फिरवत होता. तो एकदम ओरडला, "हे बघा! दुबईतला सरकारी नियम! १५ जून ते १५ सप्टेंबर, दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम बंद. म्हणजे झोपायला सुट्टी! कतारमध्ये तर दहा ते साडेतीन!"

"बरोबर आहे," शकीलभाई म्हणाले. "नियम चांगला आहे, पाळतातही बऱ्यापैकी, नाही पाळला तर कंपनीला दंड आहे. पण साडेबाराला थांबायचं म्हणजे सुरू केव्हा करायचं? पहाटे. बस त्याच्या आधी. डबा भरायचा त्याच्याही आधी. आणि तीन वाजता ऊन काय पेन्शनीत निघतं? शिवाय हा एसीवाला. लोकांना वाटतं एसीवाला म्हणजे गारव्यात काम. अरे, एसीचं बाहेरचं धूड कुठे असतं? गच्चीवर. ते गरम हवा फेकत असतं आणि हा त्याच्याशी पाना घेऊन मारामारी करत असतो. अख्ख्या इमारतीला गार करायला एक माणूस वर भाजत असतो, तो हा."

गोट्याचा चेहरा पडला. शकीलभाईंच्या ते लक्षात आलं.

"घाबरवत नाही रे तुला. उलट तुझा ट्रेड सोन्याचा आहे. वाळवंटात एसीवाला उपाशी राहत नाही. म्हणूनच सांगतो, हेल्पर म्हणून जाऊ नकोस. कामाच्या परमिटवर एसी मेकॅनिक लिहून घे. हेल्पर लिहिलं की दोन वर्षं सिलिंडर उचलायचे आणि दुसऱ्याने पाना मागितला की द्यायचा."

इथे मायाताई आली. गोट्याची थोरली बहीण, पतपेढीत हिशेब बघते. जेवायला बोलवायला आली होती, पण विषय ऐकून थांबली. ती आली आणि बंड्याने गॉगल एकदाचा खिशात घातला.

"काय ठरलं?" तिने विचारलं.

"ताई, काही टेन्शन नाही," बंड्या म्हणाला. "गोट्या दहावी पास आहे. त्याचा पासपोर्ट ईसीएनआर. परदेशात नोकरीला जायला सरकारची परवानगी लागत नाही त्याला."

"परवानगी लागत नाही म्हणजे विचारणारंही कुणी नाही," शकीलभाई म्हणाले. "दहावी न झालेल्या पोराचं निदान करारपत्र तरी सरकारी माणूस बघतो, आखातात सोडण्याआधी. त्याचा विमा उतरवतात. हा शिकला म्हणून एकटा. याचे कागद यानंच बघायचे."

"आणि दीड लाख?" मायाताई म्हणाली.

"परवानाधारक एजंटला ३०,००० आणि वर जीएसटी, एवढंच घेता येतं. ३५,४००. एजंटचा परवाना ई-मायग्रेट या सरकारी वेबसाइटवर दिसतो, नंबर टाकला की कळतं. दीड लाख मागणारा नंबर देत नाही, पेढा देतो. आणि तिकडच्या कायद्यात तर भरतीचा खर्च कामगाराकडून घ्यायचाच नाही, थेट नाही की आडून नाही. २०२१ चा कायदा, २०२२ च्या फेब्रुवारीपासून लागू."

"पण व्हिजिटवर जाऊन लागलेत की लोक!" बंड्या सोडायला तयार नव्हता. "माझ्या ओळखीचा एक..."

"लागलेत. नाही कुठे म्हणतोय? कंपनीने पुढे व्हिसा काढून दिला, अशी मीसुद्धा बघितलीत. पण तो कागद येईपर्यंत काम केलं तर ते बेकायदा. ट्रायल म्हणून महिनाभर राबवतात आणि मग म्हणतात, जमत नाही तुला. तक्रार कुणाकडे करणार? तूच गुन्हेगार. मुदत संपली की रोजचे ५० दिरहॅम दंड. नोकरी शोधायचा वेगळा व्हिसा आहे, पण तो पदवीवाल्यांचा. आणि २०२४ पासून परमिटशिवाय माणूस ठेवला तर मालकाला एक लाख ते दहा लाख दिरहॅम दंड आहे. म्हणून धड मालक व्हिजिटवाल्याला हात लावत नाही. जो लावतो तो कसा असेल, तू सांग."

बंड्याने सांगितलं नाही. तो कुणाला तरी मेसेज करत असल्यासारखं करत होता.

मायाताईने खाली बसून घेतलं. म्हणाली, "भाई, समजा धड ऑफर आली. कागदात काय बघायचं?"

"बेसिक." शकीलभाईंनी एकच शब्द टाकला आणि सिगारेट शोधायला लागले. मिळाली नाही, सोडलीय त्यांनी. "एजंट फोनवर सांगणार बाराशे दिरहॅम. कागदावर बेसिक, म्हणजे मूळ पगार, आठशे, बाकी भत्ते. पोरगं बाराशे ऐकून खूश. पण ओव्हरटाइम निघतो बेसिकवर, सव्वापट, रात्री दहानंतर दीडपट. आणि सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटीही बेसिकवरच. पहिली पाच वर्षं, वर्षाला एकवीस दिवसांचं बेसिक."

मायाताईने मनातल्या मनात केलं. "आठशेवर वर्षाला ५६०. बाराशेवर ८४०. पाच वर्षांत चौदाशे दिरहॅमचा फरक."

"आणि वर ओव्हरटाइमचा. हा सगळा फरक एका ओळीत असतो, आणि ती ओळ कुणी वाचत नाही. ऑफर लेटर वाचल्याशिवाय सही करायची नाही. तिथल्या कामगार खात्याचं असतं ते. अरबी, इंग्रजी आणि शिवाय कामगाराला कळेल अशी भाषा. हिंदी आहे, उर्दू, मल्याळम, तमिळ, बंगाली, नेपाळी आहे."

"मराठी?" नाना सरसावले.

"नाही."

"कारण?"

"कारण नाना, मराठी माणूस सही करून मग वाचतो."

नानांना हे झोंबलं. त्यांना झोंबलं की ते जुनं काढतात. "तू आम्हाला शिकवू नकोस. तू पहिल्या सुट्टीला आलास तेव्हा मला टेपरेकॉर्डर आणतो म्हणाला होतास. काय आणलंस? साबण!"

"चार साबण होते."

"आणि ब्लँकेट! ऐन मे महिन्यात! एवढं जाड, वर वाघाचं चित्र! माणूस वाळवंटातून येतो आणि ब्लँकेट आणतो, हा कुठला न्याय?"

"तिथे रात्री एसी सोळावर असतो नाना, ब्लँकेट लागतंच. बारा माणसं एका खोलीत, दोन मजली पलंग, रिमोट कुणाकडे हे तुझ्या नशिबावर. मी त्या गरमीत आयुष्यभर थंडीने कुडकुडलो, ते कुणाला खरं वाटत नाही."

"म्हणून ते माझ्या बोडक्यावर?"

नानांकडे ते ब्लँकेट अजून आहे, आणि दर थंडीत ते स्वतः पांघरतात, हे सगळ्या कट्ट्याला माहीत आहे. पण कुणी बोललं नाही. मायाताईने खाली बघून हसू आवरलं.

मी मध्येच विचारलं, पासपोर्टचं काय. शकीलभाई जरा गप्प झाले. त्यांचा पासपोर्ट सगळी वर्षं मालकाच्या ड्रॉवरमध्ये होता. वडील गेल्याचा निरोप आला तेव्हा ड्रॉवरची चावी ज्याच्याकडे तो सुट्टीवर होता. माती मिळाली नाही. "आता कायद्याने ठेवता येत नाही," एवढंच म्हणाले. "मागितला तरी द्यायचा नाही. फोटो काढून घरी पाठवून ठेवायचा. करारपत्राचाही." मग लगेच बंड्याकडे वळून, "आणि तू काय लिहितोयस केव्हापासून?"

"एजंटला विचारतोय परवान्याचा नंबर."

"काय म्हणतो?"

"ब्लॉक केलं त्यानं."

कट्टा असा हसला की समोरच्या बाल्कनीतला दिवा लागला. बंड्या म्हणाला, नेटवर्क गेलंय. नानांनी विचारलं, या एजंटचं कमिशन तुला किती मिळणार होतं? बंड्या म्हणाला, मी समाजसेवा करतो. मी म्हटलं, फिल्टरच्या वेळीही समाजसेवाच होती. तो म्हणाला, ते पैसे येणार आहेत, कंपनीची केस चालू आहे. कंपनी कुठे आहे हे त्याला अजून सापडलेलं नाही.

मायाताई उठली. "चल. करारपत्र येईपर्यंत पैसे हलणार नाहीत. आलं की आधी भाईंना दाखवायचं, मग मला."

"आधी तूच बघ गं," शकीलभाई म्हणाले. "मला बेरीज जमत नाही. जमली असती तर मी हेल्पर म्हणून गेलो असतो का?"

गोट्या उठला, दोन पावलं गेला आणि वळला. "भाई, तिथे क्रिकेट खेळायला मिळतं?"

"मिळतं म्हणजे! सुट्टीच्या दिवशी पहाटे, ऊन चढायच्या आत. रिकामी वाळूची मैदानं, पार्किंगच्या जागा. टेपबॉल. पाकिस्तानी बॉलर, मल्याळी विकेटकीपर, अंपायर जो आउट झालेला असेल तो."

"मग बंड्याला न्या," नाना म्हणाले. "तिथे तरी दुसऱ्याला रनआउट करेल."

"नाना, तो कॉल माझा नव्हता!" बंड्या उभाच राहिला. "फायनलला शकीलभाईच धावले नाहीत!"

"मी? मी अर्ध्या पिचवर होतो! तू गॉगल सावरत होतास!"

"तेव्हा माझ्याकडे गॉगल नव्हताच!"

"होता. काळा होता. मी स्वतः तुला आणून दिला होता."

नाना ताडकन उठले. "याला गॉगल आणि मला साबण?"