दीड टनाचं भोक

पत्र्याला भोक पाडायचं तर ड्रिल मशीन काय वाईट, असं म्हणणाऱ्या माणसाने सोळा गेजचा पत्रा कधी ड्रिलखाली धरलेला नसतो. भोक आरपार व्हायच्या क्षणी बिट अडकतं, पत्रा हातातून सुटतो आणि गरगरा फिरायला लागतो. एवढं होऊन जे भोक मिळतं ते गोल नसतंच, तिकोनी असतं. त्याच्या काठाची बर, म्हणजे वर आलेली धारदार कड, कानशीने घासण्यात उरलेली संध्याकाळ जाते. निवृत्तीनंतर लोक काशीला जातात. मी छोटा प्रेस, म्हणजे पत्र्याला दाबून भोक पाडणारं यंत्र, बघायला उद्यमनगरला गेलो.

कोल्हापुरात राहून लोखंडाचं काही घ्यायचं तर शिवाजी उद्यमनगरला पर्याय नाही. गणित मी घरूनच करून नेलं होतं. भोकाचा परीघ, गुणिले पत्र्याची जाडी, गुणिले पत्रा कातरायला लागणारं बळ. साध्या लोखंडी पत्र्याला ते चौरस मिलिमीटरला साधारण 40 किलो धरतात, स्टेनलेसला दीडपट. मला कुंड्यांच्या ब्रॅकेटसाठी 8 मिलिमीटरचं भोक हवं होतं, पत्रा 1.6 मिलिमीटरचा. म्हणजे झाले 1,600 किलो. पत्र्यात घुसणारा पंच वर जाताना पत्र्यालाही सोबत नेऊ बघतो, तो सोडवायला आणखी थोडं. दोन टनांत काम झालं.

"दोन टनी दाखवा," मी दुकानदाराला म्हणालो.

"दोन टनी?" त्याने आत हाक मारली, "ऐकलंस काय रं? सरास्नी दोन टनी पायजे." आतला माणूस बाहेर आला, मला बघून परत आत गेला.

"सर, दहा टनी घ्या की. उद्या वाढवायचं झालं तर?"

"काय वाढवायचं?"

"धंदा."

"धंदा नाही हो. घरी वापरायचाय."

आतला माणूस पुन्हा बाहेर आला.

पुढच्या दुकानात हायड्रॉलिक होता. जॅकचा दांडा हापसत बसायचं आणि रॅम, म्हणजे पंच धरणारा ठोकळा, मुंगीच्या पावलाने खाली येणार. बेअरिंग दाबून काढायला उत्तम. पण भोक पाडताना पत्रा फुटतो त्या क्षणी सगळं साठलेलं बळ एकदम मोकळं होतं, फ्रेम दणकन हादरते आणि माणूसही. तिसऱ्याकडे जुना पॉवर प्रेस होता, 'पूर्ण ओव्हरहॉल केलेला'. ओव्हरहॉल म्हणजे काय ते हात लावल्यावर कळलं. हिरवा रंग अजून ओला होता. रॅम धरून हलवला तर तो त्याच्या गाळ्यात आजूबाजूला ऐसपैस हलत होता. "तेवढा प्ले लागतोच," मालक म्हणाला. डाय, म्हणजे पंच ज्यात उतरतो तो खालचा साचा, आणि पंच यांच्यात फट ठेवायची एका बाजूला झेरॉक्सच्या कागदाएवढी, आणि रॅम असा झुलणारा. पंचाने डायला धडक द्यायची तेवढी बाकी होती.

तरीही पॉवर प्रेसने मला भुरळ घातली होती, हे खरं. सिंगल फेजवर चालणारी छोटी मोटर, मोठं फ्लायव्हील, म्हणजे जड चाक, पायाने पेडल दाबलं की खट्! एका कारखान्यात तो चालताना बघायला गेलो. चालवणारे काका फार मायाळू. मशीनची सगळी कुंडली सांगितली. फिरतं चाक चावीने रॅमला जोडणाऱ्या, म्हणजे चावीच्या क्लचचा प्रेस एकदा सुटला की फेरी पूर्ण करूनच थांबतो, मध्येच 'थांब बाबा' म्हटलेलं त्याला कळत नाही. बटण बंद केलं तरी फ्लायव्हील बराच वेळ फिरत राहतं. सांगता सांगता त्यांनी उजवा हात डायशेजारी टेकवला. बोटं चारच होती. माझी नजर तिथे गेलेली त्यांनी पाहिली.

"पाय काढला हुता," ते म्हणाले. "तरी डबल पडला."

आणि पुढचा पत्रा लावला. चिमट्याने.

घरी दुपारी नातू पोर्चमध्ये खेळतो. पॉवर प्रेसचा विषय मी रस्त्यातच संपवला.

राहिला फ्लाय प्रेस. वीज नाही, क्लच नाही, मधोमध एक जाड स्क्रू, वर आडवा दांडा, त्याच्या टोकांना लोखंडी गोळे. दांडा झोकाने फिरवला की गोळ्यांचा वेग स्क्रूतून खाली उतरतो आणि भोक पडतं. युरोपातल्या टांकसाळी एके काळी याच जातीच्या प्रेसवर नाणी पाडत. आपली शिवराई मात्र हातोड्याची, म्हणून त्यावरची अर्धी अक्षरं नाण्याबाहेर गेलेली असतात. माझी ड्रिलची भोकं साधारण त्याच परंपरेतली.

फ्लाय प्रेस जागा मात्र खातो. दांडा पूर्ण फिरायला हवा, म्हणजे त्या वर्तुळात भिंत, खिडकीची जाळी, ॲक्टिव्हा आणि डोकी येता कामा नयेत. शिवाय झोका दिला की स्क्रूबरोबर अख्खं स्टँडही फिरायला बघतं, म्हणून ते जमिनीत बोल्टाने आवळावं लागतं. पोर्चच्या फरशीला चार भोकं पाडायची परवानगी मिळवायला मला जेवढी मनधरणी करावी लागली, तेवढ्यात महानगरपालिकेतून तीन मजल्यांचा नकाशा पास झाला असता.

प्रेस आला, बसला, गोळे फिरले. आता डाय. डायमेकरने ब्रॅकेटचं चित्र उलटसुलट बघून भाव सांगितला. तो प्रेसच्या निम्म्याहून वरच होता.

"किती नग काढणार?"

"बारा," मी म्हणालो.

त्याने चहा मागवला. गिऱ्हाईक आजारी असल्यासारखा तो माझ्याशी हळू बोलायला लागला.

सौभाग्यवतींची सगळी नोकरी बँकेत गेली. त्यामुळे भागाकाराला त्यांना कागद लागत नाही. "बारा ब्रॅकेट, दोन-दोन भोकं, म्हणजे चोवीस," त्या म्हणाल्या. "अहो, या भावात गुजरीतल्या सोनाराने घरी येऊन टोचून दिली असती."

पण उत्पादनशास्त्राचा साधा नियम आहे, नग वाढले की भोकाचा भाव उतरतो. मी पत्रा आणखी आणलाय. मावसबहिणीच्या मुलाचं लग्न मेमध्ये आहे, भाच्याची वास्तुशांत त्याआधी, आणि व्याह्यांच्या गच्चीवर कुंड्या भरपूर आहेत. या वर्षी आहेर काय द्यायचा, हा प्रश्न आमच्याकडे उरलेला नाही.