जागा पक्षाची, मग खासदार कुणाचा?

महाराष्ट्रातल्या पक्षफुटीनंतर "पक्ष सोडला की आमदारकी गेलीच पाहिजे" असं आपण सगळेच तावातावाने म्हणतो. मीही म्हणते. पण हा नियम टोकाला नेला की काय होतं, ते दक्षिण आफ्रिकेत बघायला मिळतं.

तिथल्या नॅशनल असेंब्लीत ४०० जागा. मत उमेदवाराला नाही, पक्षाला द्यायचं (अपवाद अपक्षांचा, त्यांच्याबद्दल पुढे). जेवढे टक्के मतं, जवळपास तेवढे टक्के जागा. २०२४ मध्ये सत्ताधारी आफ्रिकन नॅशनल काँग्रेसला (एएनसी) ४० टक्के मतं पडली, जागा मिळाल्या १५९. १९९४ पासूनचं बहुमत गेलं आणि डेमोक्रॅटिक अलायन्स या विरोधी पक्षाला सोबत घेऊन सरकार बनवावं लागलं. आपल्याकडे २०१४ला भाजपला ३१ टक्क्यांवर २८२ जागा मिळाल्या, १९८४ला काँग्रेसला निम्म्याहून कमी मतांत चारशेच्या वर. मला दक्षिण आफ्रिकेचा हिशेब जास्त न्यायाचा वाटतो.

पक्षांतरही त्यांनी करून पाहिलंय. २००३ पासून ठरावीक दिवसांत पक्ष बदलला तर जागा शाबूत राहायची. २००४ला २७९ जागा जिंकलेली एएनसी २००७ पर्यंत २९७ वर पोचली, मधे निवडणूक न होता! अखेर २००९ला ही मुभाच काढून टाकली. उत्तम केलं.

पण मग खासदाराची मान पूर्णपणे पक्षाच्या हातात गेली. जागा भरल्या जातात पक्षाने दिलेल्या उमेदवारांच्या यादीतून, आणि त्या यादीत नाव कुठे, हे पक्ष ठरवणार. पक्षाने काढलं की जागा गेली, यादीतला पुढचा आत. ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्राध्यक्ष झुमांवर अविश्वास ठराव आला, तेव्हा सभापतींनी गुप्त मतदान मान्य केलं. बाजूने १७७, विरोधात १९८. विरोधकांकडे सगळे मिळून १५१च होते. म्हणजे एएनसीच्या निदान २६ जणांनी आपल्याच अध्यक्षांविरुद्ध मत दिलं. पडदा होता म्हणून! उघड मतदान असतं तर यातल्या किती जणांची हिंमत झाली असती? ज्यांच्या मतांवर ते तिथे बसले होते, त्या लोकांना आपला खासदार कुठे उभा राहिला हे आजही कळलेलं नाही. मला सगळ्यात जास्त हेच खुपतं.

२०२०च्या न्यायालयाच्या निकालामुळे अपक्षांना २०२४ला पहिल्यांदा उभं राहता आलं. एकही निवडून आला नाही. येणार कसा? तालुक्याएवढा मतदारसंघच नाही, अख्ख्या प्रांतात मतं मागायची.

खरा उपाय तिथल्या निवडणूक पद्धतीचा विचार करायला नेमलेल्या स्लॅबर्ट समितीने २००३ मध्येच दिला होता: ३०० खासदार छोट्या-छोट्या बहुसदस्यीय (एकाहून जास्त खासदार निवडणाऱ्या) मतदारसंघांतून, उरलेले १०० यादीतून, म्हणजे प्रमाणही बिघडणार नाही आणि लोकांना दार ठोठावायला एक माणूसही मिळेल. तो अहवाल बाजूला ठेवला गेला. पक्षांतरबंदी कडक करा म्हणणाऱ्या आपल्या लोकांनीही तो एकदा वाचावा, कारण पक्षाचा धाक वाढवताना मतदाराचा धाकही वाढवायची सोय त्यात आहे.