नो करिअर

"बघ, तुझं यंत्रच सांगतंय, करिअर नाही!" काकांनी पडद्यावरची ओळ मोठ्यानं वाचली आणि घरभर हशा पिकला.

गोष्ट डायल-अपच्या काळातली, इंटरनेट फोनच्या तारेवरून यायचं तेव्हाची. ओळ होती 'नो कॅरिअर'. पलीकडच्या मॉडेमचा (संगणक फोनला जोडणाऱ्या डबीचा) सूर तुटला की आपला मॉडेम हे छापतो. आणि तो तुटला होता काकांनीच आतल्या खोलीतला रिसीव्हर उचलून 'हॅलो, कोण बोलतंय?' विचारल्यामुळे.

बाकी जोडणीत, म्हणजे एकाच फोन लाइनवरून घरातल्या सगळ्या यंत्रांना इंटरनेट वाटण्यात, अवघड काही नाही. जुनं ४८६ प्रोसेसरचं यंत्र, १६ एमबी रॅम, एका फ्लॉपीत मावणारं लिनक्स, एक नेटवर्क कार्ड. मॉडेम बाहेरचा घ्यावा. आतला विनमॉडेम आपलं काम प्रोसेसरच्या गळ्यात टाकतो आणि लिनक्सशी बहुधा बोलतही नाही. मॉडेम जोडायच्या सिरियल पोर्टची चिप १६५५०ए हवी, तिला १६ बाइटचा बफर (तात्पुरता साठा) असतो. १६४५० ला तो नाही, त्यामुळे सेकंदाला ११५२०० बिटच्या वेगाला अक्षरं सांडतात. मग आयपी फॉरवर्डिंगला १, म्हणजे इतर यंत्रांची पाकिटं पुढे जातात, आणि पीपीपी० वर, म्हणजे फोनच्या जोडणीवर, मॅस्करेड, म्हणजे सगळी यंत्रं बाहेर एकाच पत्त्यानं दिसतात. यंत्र सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, म्हणजे बायॉसमध्ये, 'हॉल्ट ऑन'ला 'ऑल, बट कीबोर्ड' करायचं राहिलं, तर कीबोर्ड काढल्यावर यंत्र म्हणतं, कीबोर्ड सापडत नाही, एफ१ दाबा. कशानं दाबू, कपाळानं?

फोनची जोडणी सांभाळणाऱ्या पीपीपीडी या प्रोग्रॅमला 'डिमांड' आणि 'आयडल ६००' दिलं की गरज पडेल तेव्हा नंबर लागतो आणि १० मिनिटं शांतता असली की फोन सुटतो. पण गरज कुणाची? घरातली विंडोज यंत्रं मध्यरात्री एकमेकांची नावं विचारत बसतात, एखादी चौकशी डीएनएसकडे, म्हणजे नावांचे पत्ते सांगणाऱ्या बाहेरच्या सर्व्हरकडे, निघते, आणि नंबर लागतो. या चौकशांची दारं, म्हणजे १३७ ते १३९ ही पोर्टं, अडवली तेव्हा कुठे झोप लागली. बिल भरणाऱ्याला विचारा.

पण काकांना अडवायला पोर्ट नाही.

पाच एमबीची फाइल म्हणजे, सेकंदाला पाच किलोबाइट मिळाले तर, १७ मिनिटं. काका सोळाव्या मिनिटाला उचलतात. मॉडेमचं एस१० रजिस्टर ५० दशांश सेकंद करून पाहिलं, म्हणजे सूर हरवल्यावर मॉडेम पाच सेकंद कळ काढतो. काका सात सेकंद ऐकतात.

"काका, उचलू नका ना."

"अरे, शिट्टी थांबली. म्हटलं झालं असेल."

इथे माझी बोलती बंद. मॉडेम एम१ वर होता: सूर जुळेपर्यंत स्पीकर चालू, जुळला की गप्प. म्हणजे काम सुरू झालं की घराला वाटणार, काम संपलं. एम० केलं तर काहीच ऐकू येत नाही, आणि लाइन मोकळी आहे का बघायला काका दर पाच मिनिटांनी उचलतात.

शेवटी एम२ केलं. स्पीकर अखंड चालू. लाइन चालू असेपर्यंत तव्यावर थेंब पडल्यासारखी खरखर घरभर. काका आता रिसीव्हरला हात लावत नाहीत.

दार लावून घेतात.