हिवाळी सुट्टीतला कोर्स ‘हलका’ नसतो

डिसेंबर जवळ आला की अमेरिकेत शिकणाऱ्या आपल्या मुलांमध्ये एक सल्ला फिरू लागतो: हिवाळी सुट्टीत तीन आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स घ्या, अभ्यास निम्मा, क्रेडिट (पदवीसाठी जमवायची अभ्यासाची एककं) पूर्ण, आणि दुसऱ्या कॉलेजातून केला तरी क्रेडिट आपोआप जमा होतात. यातलं ‘क्रेडिट पूर्ण’ एवढंच खरं.

तिथल्या संघीय नियमात एका क्रेडिटचं माप दिलेलं आहे: आठवड्याला एक तास वर्ग आणि किमान दोन तास स्वतःचा अभ्यास, साधारण १५ आठवडे. मुदत कमी केली तर तेवढंच काम त्या मुदतीत बसवायचं. आता हिशेब करा. तीन क्रेडिट म्हणजे जवळपास १३५ तास. तीन आठवड्यांत आठवड्याला ४५. ही पूर्णवेळ नोकरीच झाली! सोमवारी दोन प्रकरणं, बुधवारी चाचणी, शुक्रवारी निबंध. मध्येच तापाने चार दिवस गेले, तर नेहमीच्या सत्रातले जवळजवळ तीन आठवडे बुडाल्यासारखं. रेकॉर्ड केलेली लेक्चर्स रात्री-अपरात्री ऐकता येतात, ही सोय मात्र आहे.

बाहेरचे क्रेडिट स्वीकारायचे की नाही, हे तुमचं मूळ विद्यापीठ ठरवतं. फी भरण्याआधीच तिथल्या शैक्षणिक सल्लागाराकडून लेखी मंजुरी घ्या, आणि कोर्स नेमक्या कोणत्या विषयाऐवजी धरला जाईल, तेही त्यात लिहून घ्या. नुसतं ‘ऐच्छिक’ म्हणून जमा झालं, तर सक्तीचा विषय तसाच उरतो. आणि हो, कोर्स सोडून फी परत मागायची मुदत अशा छोट्या कोर्समध्ये आठवड्यांत नाही, दिवसांत मोजतात.